हातात कंदील, उजेड मात्र दुसरीकडून

काराव्हाज्जोच्या 'येशूला अटक' या चित्रात उजव्या बाजूला एक माणूस कंदील वर धरून उभा आहे. रात्रीची वेळ आहे, सात माणसं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि कंदील एकच आहे. मग या माणसांच्या चेहऱ्यांवर जो उजेड पडलाय, तो त्या कंदिलाचा आहे का?

नाही. आणि हे सांगायला कलेचा इतिहास शिकलेला असावा लागत नाही. सावली कुठल्या बाजूला आहे एवढं बघितलं तरी पुरतं. पण हे चित्र कसं वाचायचं, आणि जवळजवळ दोनशे वर्षं ते भलत्याच चित्रकाराच्या नावावर कसं राहिलं, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी हा एवढासा 'नाही' आहे असं मला वाटतं. रिसर्चच्या ब्लॉगवर सतराव्या शतकातलं धार्मिक चित्र कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरा. पण आधी चित्र नीट बघू. त्याची 'हरवलं-सापडलं'ची गोष्ट इतकी रंगतदार आहे की लोक तीच सांगत बसतात आणि चित्र बघायचं राहून जातं.

चित्र तैलरंगातलं, कॅनव्हासवरचं. उंची १३३.५ सेंटिमीटर, रुंदी १६९.५. म्हणजे फार अवाढव्य नाही, एखाद्या मोठ्या टेबलाएवढं. प्रसंग बायबलमधला: गेथशेमाने बागेत रात्री यहूदा शिपायांना घेऊन येतो, येशूचं चुंबन घेतो, आणि ज्याचं चुंबन घेतलं त्याला धरायचं अशी ती खूण असते. हा प्रसंग काराव्हाज्जोच्या आधी शेकडो जणांनी रंगवला होता. इटलीतल्या पादुआ गावी जोत्तोने १३०५च्या सुमारास भिंतीवर रंगवलेलं चित्र प्रसिद्ध आहे. त्यात भाले, मशाली, गर्दी, आणि एका बाजूला पेत्र तलवारीने एका नोकराचा कान कापतोय. सगळी गोष्ट एकाच भिंतीवर.

काराव्हाज्जोने यातलं बरंचसं टाकून दिलं. बाग नाही, झाड नाही, आकाश नाही. पेत्राची तलवार नाही, कापलेला कान नाही. माणसांचे पायसुद्धा नाहीत, कारण चित्र मांड्यांच्या आसपासच कापलंय. मागे निव्वळ काळोख. उरतात ती डोकी, हात आणि धातू. डावीकडून बघत गेलं तर पहिला योहान, तोंड उघडं, हात वर, चित्राबाहेर पळत सुटलेला. त्याच्या डोक्याला जवळपास चिकटून येशूचं डोकं. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. मग येशूच्या अंगावर झुकलेला यहूदा, कपाळावर आठ्या, एका हाताने येशूला घट्ट धरलेलं. मग चिलखतातला शिपाई, त्याच्यामागे आणखी शिपाई, आणि मग तो कंदीलवाला. शेवटचा शिपाई उजव्या कडेला काळोखात इतका बुडालाय की मोजताना बरेच जण सहावरच थांबतात.

सगळं चित्र उजवीकडून डावीकडे ढकललं जातंय. शिपाई ढकलतायत, यहूदा झुकतोय, योहान त्याच दिशेला पळतोय. एकटा येशू जागचा हलत नाही. त्याची नजर खाली आहे, भुवया किंचित जवळ आल्यात, आणि त्याचे हात चित्राच्या खालच्या भागात एकमेकांत गुंतवलेले आहेत. हे हात मला या चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटतात. ते प्रार्थनेचे जोडलेले हात नाहीत. बोटांत बोटं अडकवून, तळवे बाहेरच्या बाजूला ढिले सोडलेले. आपण डॉक्टरच्या खोलीबाहेर रिपोर्टची वाट बघत बसतो तेव्हा हात असेच होतात. शिपायाचा लोखंडी हात आणि हे हात यांत फार तर वीतभर अंतर आहे. प्रतिकार नाही हे सांगायला काराव्हाज्जोला ना प्रभावळ लागली, ना देवदूत. त्या दहा बोटांत त्याचं काम भागलं.

दोघांच्या डोक्यांवर योहानाचा लाल झगा कमानीसारखा उडालाय. मागून एका शिपायाने तो पकडलाय. मार्काच्या शुभवर्तमानात एक तरुण अंगावरचं वस्त्र शिपायांच्या हातात सोडून तसाच पळून जातो, त्याची आठवण इथे आहे असं म्हणतात. मला त्या झग्याचं काम जास्त दिसतं: येशू आणि यहूदा यांच्याभोवती तो एक लहानशी खोली तयार करतो. बाहेर झटापट, आत दोन चेहरे.

खटकणाऱ्याही गोष्टी आहेत. यहूदाचा पुढे आलेला हात मला आखूड वाटतो. खांद्यापासून कोपर नेमकं कुठे असेल याचा विचार केला की हिशेब लागत नाही. मागचे शिपाई म्हणजे नुसती शिरस्त्राणं, त्यांना धडं कुठे मावत असतील हे देव जाणे. काराव्हाज्जो समोर माणसं उभी करून रंगवायचा, त्याची स्वतंत्र रेखाटनं आजवर मिळालेली नाहीत. तुकड्या-तुकड्याने रंगवून एकत्र बसवल्याच्या खुणा अशा ठिकाणी दिसतात. थोर चित्र म्हणून त्या झाकायची गरज नाही.

आता उजेडाकडे येऊ. येशूचा चेहरा उजळलाय. यहूदा डावीकडे तोंड करून आहे; त्याचं कपाळ आणि नाक उजळलंय, आणि कंदिलाकडे असलेली डोक्याची मागची बाजू अंधारात गेलीय. कंदील उजवीकडे. तो उजेडाचा उगम असता तर बरोबर उलटं दिसलं असतं. चिलखतावरच्या चकाकत्या रेषाही डावीकडे वर, चौकटीच्या बाहेर कुठेतरी असलेल्या प्रकाशाकडे बोट दाखवतात. कंदिलाचा स्वतःचा उजेड आहे, पण तो धरणाऱ्याच्या आसपासच संपतो. थोडक्यात, ज्याच्या हातात दिवा आहे त्याच्या दिव्याने प्रसंग दिसत नाही. प्रसंग ज्या उजेडात दिसतो तो कुठून येतो हे चित्रात दाखवलेलंच नाही.

आणि हा कंदीलवाला कोण? विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तो खुद्द काराव्हाज्जो असल्याचं म्हटलं, आणि आज बहुतेक सगळे ते मानतात. आधार काय, तर चेहऱ्याचं साम्य. काराव्हाज्जोने इतर चित्रांतही स्वतःला गर्दीत उभं केलंय, आणि ओत्ताविओ लेओनी या समकालीनाने काढलेलं त्याचं व्यक्तिचित्र उपलब्ध आहे. त्यांच्याशी ताडून बघितलं की पटतं. पण 'पटतं' आणि 'लिहिलेलं सापडलंय' यात फरक आहे, तो लक्षात असू द्या.

या आत्मचित्राबद्दल एक गोड वाक्य नेहमी वाचायला मिळतं, की चित्रकार सत्यावर प्रकाश टाकतोय. ऐकायला छान आहे, पण चित्रात तसं नाही. त्याचा कंदील कशावरही प्रकाश टाकत नाही, हे आपण आत्ताच तपासलं. तो माणूस शिपायांच्या बाजूने आलेला आहे. पुढच्या माणसांच्या डोक्यांवरून हनुवटी उचलून, पुढे काय चाललंय ते बघायची त्याची धडपड चाललीय. तो कुणाला मारत नाही, कुणाला वाचवतही नाही. बघतोय. १६०२ साली हे चित्र करणारा माणूस तिशीत होता आणि रोममध्ये त्याचं नाव झालं होतं. त्याने स्वतःसाठी जागा निवडली ती पळणाऱ्या शिष्याची नाही, येशूच्या जवळची नाही, तर दिवा घेऊन शिपायांबरोबर आलेल्या बघ्याची. काही अभ्यासक त्याच्यात पेत्रही बघतात. मला ते ओढूनताणून वाटतं. पेत्राला ओळखू येईल अशी एकही खूण त्याच्याजवळ नाही.

इथून गोष्ट चुकीच्या लेबलाकडे वळते.

रोममधल्या मात्तेई या श्रीमंत घराण्यातल्या चिरियाको मात्तेईसाठी हे चित्र झालं. पुढे घराण्याची रया गेली. १७९३च्या यादीत हे चित्र 'घेरार्दो देल्ले नोत्ती' याच्या नावावर लागलं. हा म्हणजे खेरिट फान होन्टहोर्स्ट, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचा चित्रकार. तो इटलीत बरीच वर्षं राहिला, रात्रीची दृश्यं रंगवण्यात इतका नावाजला की इटालियन लोकांनी त्याला 'रात्रींचा घेरार्दो' असं टोपणनावच दिलं. १८०२ मध्ये विल्यम हॅमिल्टन निस्बेट या स्कॉटिश गृहस्थाने मात्तेईंकडून सहा चित्रं विकत घेतली, त्यात हेही होन्टहोर्स्ट म्हणूनच गेलं. १९२१ मध्ये एडिनबरोच्या लिलावात ते आठ गिनींना विकलं गेलं. पुढे आयर्लंडमधल्या एका डॉक्टर बाईंकडे आलं, त्यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते डब्लिनच्या जेझुइट धर्मगुरूंना भेट दिलं, आणि ते लीसन स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरात जेवणाच्या खोलीत टांगलं गेलं. तिथे साठेक वर्षं लोक त्याच्यासमोर जेवत होते.

आता हे लेबल मूर्खपणाचं होतं का? माझ्या मते मुळीच नाही. उलट, ते फार समंजस होतं, आणि म्हणूनच टिकलं. रात्र आहे, कंदील आहे, बायबलमधला प्रसंग आहे, काळोख-उजेडाचा खेळ आहे. मग 'रात्रींचा घेरार्दो' नाही तर कोण? यादी करणाऱ्याने चित्रात काय काय आहे ते बघितलं, आणि त्याप्रमाणे नाव बसवलं. कंदील आहे याची नोंद झाली. कंदील काय करतोय हा प्रश्न विचारला गेला नाही.

होन्टहोर्स्टचं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं 'महायाजकासमोर येशू' हे १६१७च्या सुमाराचं चित्र शेजारी ठेवून बघा. तिथे टेबलावर एक मेणबत्ती आहे आणि सगळं दृश्य खरोखरच तिच्यातून उगवतं. महायाजकाचं वर उचललेलं बोट, येशूचा पांढरा झगा, समोरचं पुस्तक, सगळे त्या ज्योतीचे ऋणी. ज्योतीपासून जितकं दूर जाल तितका काळोख वाढत जातो. होन्टहोर्स्टची ही खासियतच होती: दिवा चित्रात ठेवायचा आणि सगळा हिशेब त्याच्यापासून मांडायचा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो दोघांत जास्त प्रामाणिक. काराव्हाज्जोचा दिवा मात्र बहुतेक वेळा चौकटीबाहेर असतो. म्हणजे 'येशूला अटक'मध्ये जो कंदील बघून होन्टहोर्स्टचं नाव सुचलं, तोच कंदील नीट बघितला तर होन्टहोर्स्टच्या विरोधात साक्ष देतो. लेबलाविरुद्धचा पुरावा लेबलाच्या शेजारीच टांगलेला होता.

अर्थात एवढ्यावरून चित्र काराव्हाज्जोचं ठरत नाही. त्याच्या पद्धतीने रंगवणारे युरोपभर झाले, आणि या चित्राच्या तर कितीतरी प्रती आहेत. एक युक्रेनमधल्या ओडेसाच्या संग्रहालयात होती, कित्येकांनी तिलाच मूळ मानलं होतं. २००८ मध्ये ती चोरीला गेली आणि २०१० मध्ये बर्लिनला सापडली. उजेडाच्या दिशेवरून फार तर एवढं म्हणता येतं की होन्टहोर्स्ट हे नाव संशयास्पद आहे. पुढचं काम नुसत्या डोळ्यांचं नव्हतं.

ते दोन पीएचडीच्या वयाच्या मुलींनी केलं. फ्रान्चेस्का काप्पेल्लेत्ती आणि लाउरा तेस्ता रोमच्या विद्यापीठात शिकत होत्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या ज्या प्रकल्पावर होत्या त्याचा या चित्राशी संबंधच नव्हता. काराव्हाज्जोचं तरुण योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचं चित्र रोममध्ये दोन ठिकाणी आहे, जवळजवळ सारखंच, आणि त्यातलं मूळ कोणतं हा प्रश्न होता. त्याची कागदपत्रं शोधत त्या रेकानाती या गावी पोचल्या. मात्तेई घराण्याचे जुने कागद तिथे वंशजांच्या घरात पडून होते. तिथल्या हिशेबाच्या वह्यांमध्ये चिरियाको मात्तेईने काराव्हाज्जोला दिलेल्या पैशांच्या नोंदी मिळाल्या. त्यातलीच एक २ जानेवारी १६०३ची: बागेत पकडलेल्या येशूच्या चित्राबद्दल १२५ स्कुदी. घराण्याच्याच हिशेबात १६२६ सालची आणखी एक नोंद आहे: जोव्हान्नी दि आत्तिली नावाच्या चित्रकाराला याच चित्राची नक्कल करण्याबद्दल १२ स्कुदी.

या दोन नोंदी काय सांगतात ते बघा. चित्र कुणाचं, कुणासाठी, साधारण कधीचं, हे त्यांनी नक्की केलं. होन्टहोर्स्टचा जन्म १५९२चा. म्हणजे पैसे दिले गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पण दुसऱ्या नोंदीने एक नवी डोकेदुखीही आणली. नक्कल त्याच घरात तयार झाली होती. मग पुढे घराबाहेर गेलं ते मूळ की नक्कल? हिशेबाची वही याचं उत्तर देऊ शकत नाही. काप्पेल्लेत्तीने चित्राचा माग स्कॉटलंडपर्यंत काढला, आणि १९२१च्या लिलावापाशी तो तुटला. दोघींनी १९९० मध्ये लेख लिहिला तेव्हा त्यांच्याकडे सगळी कागदपत्रं होती आणि चित्र नव्हतं.

त्याच वर्षी डब्लिनला नेमकं उलटं घडलं. आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीतले सेर्जिओ बेनेदेत्ती यांना जेझुइट घरातली काही चित्रं साफसफाईसाठी बघायला बोलावलं होतं. काजळी आणि पिवळ्या पडलेल्या व्हार्निशखालच्या त्या चित्रासमोर त्यांना शंका आली. त्यांच्यापाशी चित्र होतं आणि कागद नव्हते. पुढची जवळजवळ तीन वर्षं साफसफाई, एक्स-रे, आणि मालकीची साखळी जुळवण्यात गेली. काळजीपूर्वक तपासणीत चित्रकाराने मध्येच विचार बदलल्याच्या खुणा मिळाल्या. उदाहरणार्थ यहूदाचा कान आधी वेगळ्या जागी रंगवलेला होता. अशा खुणांना इटालियनमध्ये 'पेंतिमेंती' म्हणतात, म्हणजे शब्दशः पश्चात्ताप. नक्कल करणारा सहसा असे बदल करत नाही, कारण त्याच्यासमोर उत्तरपत्रिका असते. १९९३ मध्ये जाहीर झालं, नोव्हेंबरच्या 'बर्लिंग्टन मॅगझिन'मध्ये बेनेदेत्तींचा लेख आला, आणि तेव्हापासून चित्र जेझुइटांच्या वतीने बेमुदत उसनं म्हणून त्या गॅलरीत आहे.

ही गोष्ट सांगताना माध्यमं 'पारखी नजर' आणि 'नशीब' या दोन शब्दांवर फार भिस्त ठेवतात. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. बेनेदेत्तींची नजर पारखी होती यात वादच नाही, पण नुसत्या नजरेच्या बळावर 'हे काराव्हाज्जोचं' म्हणणारे दर पाच वर्षांनी कुणीतरी निघतात. आणि दोघींना नशिबाने वही मिळाली म्हणावं, तर त्या वहीत नेमकं काय शोधायचं हे त्यांना कळत होतं. इतरांना ती जुन्या हिशेबांची रद्दी दिसली असती. होन्टहोर्स्टच्या नावाखाली मूळ चित्र कुठेतरी असावं, हा अंदाज रोबेर्तो लोंगी या नामवंत कला-इतिहासकाराने आधीच मांडून ठेवला होता. म्हणजे अंदाज एकाकडे, कागद दुसऱ्यांकडे, वस्तू तिसऱ्याकडे. यातलं कुठलंही एक काढून घेतलं तर बाकीचे दोन लुळे पडतात. पेंतिमेंतीसुद्धा एकट्या पुरेशा नाहीत, कारण त्या दाखवून दुसऱ्या एखाद्या प्रतीचाही दावा करता येतो. या चित्राच्या बाबतीत नंतर रोममधल्या एका प्रतीबद्दल तसा दावा झालाही. बहुतेक अभ्यासक डब्लिनच्या बाजूने आहेत, ते सगळे धागे तिथे एकत्र येतात म्हणून.

तुमच्यापैकी जे पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेत, त्यांच्यासाठी मी खरं तर १७९३ची यादी समोर ठेवेन. आपल्याकडे लॅबमध्ये नमुन्याच्या बाटलीवर जे लिहिलंय ते आपण खरं धरतो. धरावंच लागतं, प्रत्येक बाटली नव्याने तपासत बसलो तर फेलोशिप संपेल. लिटरेचर रिव्ह्यूमध्येही आपण हेच करतो. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उद्धृत केलेलं असतं, आपण दुसऱ्याचं वाचून तिसरे होतो. १८०२, १९२१, १९३०चं दशक, प्रत्येक वेळी कुणीतरी मागच्या नोंदीवर विश्वास ठेवून पुढची केली, आणि प्रत्येक पायरीवर चूक जास्त अधिकृत दिसू लागली. गंमत अशी की त्याआधी, १६७२ मध्ये, बेल्लोरी या लेखकाने काराव्हाज्जोच्या चरित्रात मात्तेईंच्या घरातल्या या चित्राचं चांगलं सविस्तर वर्णन छापलेलं होतं. यहूदाचा येशूच्या खांद्यावरचा हात, शिपायाचा लोखंडी हात, पळणारा योहान, सगळं त्यात होतं. ते पुस्तक कुणी दडवलेलं नव्हतं. यादी आणि पुस्तक शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

बेल्लोरी स्वतः पूर्ण भरवशाचा होता असंही नाही. चिलखतावर गंज चढल्यासारखा परिणाम साधलाय असं तो लिहितो. आजचे समीक्षक त्याच चिलखताच्या बाहीबद्दल उलट बोलतात: चित्राच्या ऐन मध्यभागी असलेला तो घासूनपुसून चकचकीत केलेला धातू म्हणजे बघणाऱ्यासमोर धरलेला आरसा आहे वगैरे. मी मोठ्या आकारातलं छायाचित्र स्क्रीनवर ताणून बराच वेळ बघितलं. चमक आहेच, पण चमकेच्या कडेला तपकिरी, तांबूस झाकही आहे. बेल्लोरीला दिसला तो गंज बहुधा तोच असेल. आरशाची कल्पना मला जरा जास्त हुशार वाटते, तरी त्या जागी दुसरं काही न ठेवता रिकामा धातूच का ठेवला हा प्रश्न उरतोच. शिपायाचा चेहरा शिरस्त्राणात लपलाय. त्याचा चेहरा दिसायला हवा तिथे आपल्याला त्याची बाही दिसते.

बेल्लोरीच्या वर्णनात आणखी एक गोष्ट आहे. मागे एक कंदील वर उचललेला आहे असं तो सांगतो, त्यानंतर सशस्त्र माणसांची दोन डोकी मोजतो. कंदील कुणी उचललाय ते सांगत नाही. काराव्हाज्जोला जाऊन तेव्हा बासष्ट वर्षं झाली होती, आणि त्याचा चेहरा ओळखणारे फारसे कुणी उरले नसावेत.